अठ्ठावीसशेची शेगडी

आमच्या घरातल्या सगळ्या वस्तू बाजारभावापेक्षा स्वस्त आहेत, कारण त्यांच्या किमती घरात मी सांगतो.

याला कोणी खोटं बोलणं म्हणेल, पण तसं नाही. मी फक्त एक शून्य कमी सांगतो. (शून्याला स्वतःची काही किंमत नसते, असं मला दुसरीत शिकवलं होतं आणि मी ते मनावर घेतलं.) आठ हजारांचे बूट आठशेला पडतात, सहा हजारांचा चष्मा सहाशेत बसतो. आमच्या हिचा, म्हणजे शुभाचा, नव्या वस्तूबद्दल एकच प्रश्न असतो, "कितीला पडलं?" माझं उत्तर ऐकून ती खूश होते, ती खूश झाली म्हणून मी खूश होतो, आणि दुकानदार तर आधीच खूश होऊन बसलेला असतो. मुलुंड पूर्वेच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर हा सुखाचा कारभार बत्तीस वर्षं बिनबोभाट चालला होता. तो एका शेगडीनं बंद पाडला.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचा मूर्खपणा किती मोठा होता ते कळेल. मी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या कॉस्टिंग डिपार्टमेंटमध्ये होतो. एखादी वस्तू बनवायला नेमका किती खर्च येतो, ते काढणं हे माझं काम. एका स्क्रूमागे बारा पैसे जास्त लावले म्हणून मी भल्या भल्या इंजिनियर लोकांना केबिनमध्ये रडवलंय. निवृत्त झालो तेव्हा त्यांनी मला शाल, श्रीफळ आणि एक घड्याळ दिलं. घड्याळ हातात घेतल्याबरोबर मी म्हणालो, "चारशे दहा." पुढचं भाषण रद्द झालं.

तर असा मी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, अंधेरीला डोळे तपासायला गेलो आणि येताना एका चकचकीत दुकानात शिरलो. तिथे कोळशावरची एक परदेशी शेगडी होती. गडद हिरवी, वर घुमटासारखं झाकण, खाली चाकं, आणि पोटावर पितळी पट्टी. पट्टीवर आकडा होता, एकसष्ट. मला त्या आठवड्यात एकसष्टावं लागलं होतं.

"लिमिटेड एडिशन आहे सर," दुकानातला माणूस म्हणाला. "सगळ्या जगात पाचशे पीस. एकसष्ट नंबर परत कोणालाच मिळणार नाही."

मी झाकणावर बोट वाजवलं. सवयीनं हिशोब डोक्यात आपोआप झाला. पत्रा, रंग, जाळी, चाकं, मजुरी मिळून चार हजार, फार तर साडेचार. किंमत विचारली तर अठ्ठावीस हजार. म्हणजे साडेतेवीस हजार रुपये निव्वळ 'पाचशेच' या एका शब्दाचे. हे सगळं मला तिथल्या तिथे कळलं. कळून मी कार्ड काढलं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. बरोबर दोन आठवड्यांपूर्वी, सव्वीस जानेवारीला, आमच्या सोसायटीच्या झेंडावंदनाला मी देशी मालावर भाषण केलं होतं. "बाहेरच्या देशाचा खिळासुद्धा घरात आणू नका," असं म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या, आणि सेक्रेटरींनी स्वतःच्या हातानं मला दोन जिलब्या जास्त दिल्या होत्या. त्या जिलब्यांची आठवण मला शेगडीचं खोकं लिफ्टमध्ये ढकलताना आली. मी खोक्याची परदेशी अक्षरं भिंतीकडे केली.

घरी शुभानं खोकं उघडलं, शेगडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "कितीला पडली?"

"अठ्ठावीसशे."

"बाहेरची आहे ना? मग इतकी स्वस्त?"

"सेल होता."

"चांगली मिळाली हो," ती म्हणाली आणि माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं की मला पुढचे दोन दिवस आरशात बघवलं नाही. तिसऱ्या दिवसापासून बघवायला लागलं.

त्या रविवारी मी गच्चीवर शेगडी पेटवली आणि तिच्यावर बांगडे ठेवले. वास आठव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत गेला. अर्ध्या तासात शुभाच्या भिशीतल्या आठही जणी गच्चीवर हजर. पुढे आमच्या शेजारच्या कुलकर्णी वहिनी. (त्या बांगडा खात नाहीत. त्या वस्तूंच्या किमती खातात.)

"शुभा, कितीला गं?"

"अठ्ठावीसशे," शुभा म्हणाली. नवऱ्याची हुशारी सांगताना बाईच्या आवाजात जो गोडवा येतो तो पूर्ण ओतून म्हणाली.

"इंपोर्टेड? अठ्ठावीसशे? मग आम्हालापण आणून द्या ना."

"देतील की. ह्यांची ओळख आहे दुकानात. आठ सांगू का?"

संकटात कॉस्टिंगवाल्याचं डोकं फार वेगानं चालतं. अठ्ठावीस हजारांच्या आठ शेगड्या घेऊन अठ्ठावीसशेला वाटायच्या, म्हणजे तोटा दोन लाख एक हजार सहाशे. हा आकडा मी हातातला बांगडा उलटायच्या आत काढला. बांगडा मात्र जळला.

"मिळणार नाहीत," मी घाईघाईनं म्हणालो. "लिमिटेड एडिशन आहे ती. जगात पाचशेच होत्या. संपल्या."

कुलकर्णी वहिनींनी लगेच फोनवर बघितलं. दुकानाच्या साइटवर शेगडीचं चित्र होतं, खाली 'माल संपला' असं लिहिलेलं होतं, आणि माल संपल्यामुळे किंमत काढून टाकलेली होती. देव आहे, हे मला त्या दिवशी पटलं. पण तो जास्त वेळ थांबला नाही, कारण शुभा म्हणाली, "मग आपला विलास बनवेल."

विलास हा शुभाचा धाकटा भाऊ. कांजूरमार्गला त्याचा एक छोटा गाळा आहे. पत्रा कापायचं, वाकवायचं, प्रेस मारायचं काम. बावीस वर्षं तो एका कंपनीसाठी पंख्यांची पाती बनवत होता. वर्षभरापूर्वी त्या कंपनीनं बाहेरून तयार पाती आणायला सुरुवात केली आणि विलासचं काम आधी अर्धं झालं, मग पाव, मग बंद. पेडणेकर मामा म्हणून त्याचे एक जुने कारागीर आहेत. ते रोज येत, थंड पडलेलं मशीन फडक्यानं पुसत, डबा खात आणि घरी जात. गाळ्याचा करार पाडव्याच्या आसपास संपत होता. नवं काम मिळालं नाही तर चावी मालकाला द्यायची, हे विलासनं ठरवलं होतं. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं.

त्यामुळे शुभाच्या डोळ्यांत जी चमक आली ती शेगडीची नव्हती, हे मला कळलं. भावाला काम मिळतंय, एवढंच तिला दिसत होतं. मला 'नको' म्हणताच आलं नाही.

"अडीच हजारात देईल विलास," तिनं तिथेच जाहीर करून टाकलं. "इथलाच माल. जहाजाचं भाडं नाही, काही नाही. उलट स्वस्तच पडायला पाहिजे."

तर्क बिनतोड होता. आठ शेगड्या पक्क्या झाल्या. विलासला विचारायची गरज तिला वाटली नाही, कारण तो तिचा भाऊ आहे.

पुढच्या रविवारी विलास पिशवीभर हत्यारं घेऊन आला. मला वाटलं, तो शेगडीचं माप घेईल, फोटो काढेल. त्यानं हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं आणि दहा मिनिटांत माझ्या एकसष्टाव्या वर्षाचे तेवीस तुकडे केले.

"अरे, हळू," मी म्हणालो.

"काय टेन्शन घेताय भावोजी. अठ्ठावीसशेची तर आहे."

असं म्हणून त्यानं झाकणाच्या आतून कानस फिरवली. हिरव्या रंगाची एक लांब साल निघाली. माझ्या छातीतून काहीतरी तसंच निघाल्यासारखं वाटलं.

"रंग बघत होतो किती जाड आहे. कायच नाही ओ. आणि पत्रा बघा, साधा आहे. आपल्या कपाटाचा असतो ना, तो." मग त्यानं पितळी पट्टीखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला. पट्टी टपकन खाली पडली. "हे तर डबल टेपनं चिकटवलंय, यार."

"विलास, ती पट्टी जपून."

"तुमचं पण ना भावोजी! पट्टीवर काय बांगडे भाजणारेत?"

शुभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "करू दे हो त्याला. फार तर फार काय, अठ्ठावीसशे गेले."

त्यानं पत्र्याची जाडी बघायला म्हणून बुडाला एक भोक पाडलं. मी पाणी प्यायला गेलो आणि जरा वेळ तिथेच थांबलो.

पंधरा दिवसांनी विलासची पहिली शेगडी तयार झाली आणि ती घेऊन तो आमच्याकडे आला. खरं सांगतो, माझ्या शेगडीपेक्षा चांगली होती. परदेशी शेगडी तिकडच्या दाबलेल्या कोळशासाठी केलेली. आपला बाभळीचा कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि ढिगानं राख करतो. विलासनं आत बारीक जाळी लावली होती आणि खाली राखेचा खण केला होता, टेबलाच्या ड्रॉवरसारखा ओढून बाहेर येणारा. माझ्या शेगडीच्या मुठीला हात लावला की चटका बसायचा. हिची मूठ सागवानी होती. पेडणेकर मामांनी ती चार दिवस घासली होती.

"झकास झालीय रे," मी म्हणालो.

विलास हसला नाही. त्यानं खिशातून वही काढली आणि डायनिंग टेबलावर माझ्यासमोर ठेवली.

"भावोजी, तुम्ही कॉस्टिंगमधले. जरा बघा ना. कितीही ओढलं तरी त्रेचाळीसशेच्या खाली येत नाही. ते लोक अठ्ठावीसशेत कसे देतात? त्यात जहाजाचं भाडं, त्यात दुकानदाराचा नफा."

मी वही बघितली. एक पैसा इकडचा तिकडे नव्हता. अंधेरीच्या दुकानात बोट वाजवून मी हाच आकडा काढला होता. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "मास प्रॉडक्शन."

"म्हणजे लाखोंनी बनवतात, म्हणून स्वस्त?"

"बरोबर."

"पण ही तर पाचशेच बनवली ना?"

मी चष्मा पुन्हा पुसला. "त्यांचं सरकार सवलत देतं."

"शेगडीला?"

"थंड देश आहे तो."

विलासनं मान हलवली. त्याचा माझ्यावर फार विश्वास. पुढच्या आठवडाभरात मी त्याला आणखी तीन सिद्धांत सांगितले. रोबोट, स्वस्त वीज, आणि पत्र्याची जुनी खरेदी. प्रत्येक सिद्धांत ऐकून तो थोडा आणखी वाकायचा. एकदा त्यानं पातळ पत्रा लावून पाहिला. पेडणेकर मामांनी ती शेगडी उचलली, हलवली आणि खाली ठेवली.

"विलास, पातळ पत्रो नको," ते म्हणाले. "लोक शिव्यो घालतले. आणि त्येंचा बरोबर आसतला."

पाडव्याला दहा दिवस होते. रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो, तेव्हा विलास आला. बसला, पण पोह्यांना हात लावला नाही.

"ताई," तो म्हणाला, "आठ नग करतो. अडीच हजारात देतो."

"अरे पण तुला तर त्रेचाळीसशे..."

"शब्द तू दिलायस ना? मग द्यायच्या. आठ नग झाले की मालकाला चावी देतो." त्यानं पोह्यांची बशी बाजूला सारली. "बावीस वर्षं मला वाटत होतं, मला काम येतं. ती माणसं एवढ्या लांबून अठ्ठावीसशेत पोचवतात, आणि मला इथे कांजूरला बसून त्रेचाळीसशे लागतात. म्हणजे मलाच येत नाही, दुसरं काय? मामांना पण सांगितलंय, दुसरीकडे बघा." मग माझ्याकडे बघून तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "माझीपण लिमिटेड एडिशन, भावोजी. आठच."

शुभाच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात मला बऱ्याचदा अपराधी वाटलंय, पण ते वाटून घेऊन मी पुढे गेलोय. त्या दिवशी मात्र माझी मलाच शरम वाटली. समोर एक चांगला कारागीर माझ्या एका शून्याखाली चिरडून बसला होता, आणि मी लिंबू पिळत होतो.

"अठ्ठावीस हजार," मी म्हणालो.

"काय अठ्ठावीस हजार?" शुभानं विचारलं.

"शेगडी."

"कुठली शेगडी?"

"आपली शेगडी. ती अठ्ठावीसशेची नाही. अठ्ठावीस हजारांची आहे. मी एक शून्य कमी सांगितलं होतं."

खालून भंगारवाल्याची हाक ऐकू आली. मी आत जाऊन, कपाटातल्या माझ्या जुन्या स्वेटरच्या घडीतून बिल आणलं आणि टेबलावर ठेवलं. विलासनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग कानामागची पेन्सिल काढून त्यानं वहीत अठ्ठावीस हजारांना त्रेचाळीसशेनं भागलं.

"साडेसहापट," तो हळूच म्हणाला.

"हो."

"भावोजी, म्हणजे तुम्हाला लुटलं त्यांनी."

"हो रे."

"म्हणजे पूर्णच लुटलं."

"हो म्हटलं ना."

विलास उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं मला मिठी मारली. "थँक्यू भावोजी," तो म्हणाला. "म्हणजे मला काम येतं." माझ्या मूर्खपणाकडे इतक्या आनंदानं आजवर कोणी पाहिलेलं नाही. मग त्यानं त्याची बशी ओढली, पोहे संपवले आणि माझेही संपवले.

शुभा सावकाश मान फिरवून हॉलमधली एकेक वस्तू बघत होती, आणि मला पुढचं दिसायला लागलं.

"बूट?" तिनं विचारलं.

"आठ हजार."

"चष्मा?"

"सहा."

"सहा काय?"

"हजार."

"तो कोपऱ्यातला दिवा?"

"तो खरंच पाचशेचा आहे," मी म्हणालो. तिनं नुसतं पाहिलं. "पाच हजार," मी म्हणालो.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "बत्तीस वर्षं मी रिक्षाचे पैसे वाचवायला स्टेशनपासून चालत येतेय, आणि घरात पाच हजारांचा दिवा जळतोय." तिचं चालत येणं मला माहीत होतं. आपण त्या बाबतीत काही केलं नाही, हेही त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. मी सॉरी म्हणालो. तिनं ते ऐकून घेतलं, पण जमा करून घेतलं नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि सूत्रं हातात घेतली. "विल्या, किंमत किती ठेवायची?"

"पाच हजार?" विलास म्हणाला. म्हणतानाच त्याची मान खाली गेली. विलासचा हाच मोठा दोष. त्याला किंमत सांगायची लाज वाटते. बावीस वर्षं कोणीही "किती द्यायचे?" म्हटलं की तो "द्या हो काय ते" म्हणत आलाय.

"तू बोलू नकोस. तुम्ही सांगा," शुभा मला म्हणाली. "आणि शून्य न खाता."

मी वही पुढे ओढली. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे कापण्यात घालवली होती, त्या दिवशी पहिल्यांदा मिळवायला बसलो. त्रेचाळीसशे खर्च. त्यात गाळ्याचं भाडं, वीज, वाया गेलेला पत्रा, मामांचा पगार (विलासनं तो धरलाच नव्हता), आणि पुढच्या महिन्यासाठी थोडं. साडेसहा हजार झाले.

"एवढे कोण देईल?" विलास घाबरून म्हणाला.

शुभानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे चौपट देऊन आले ना? ह्यांच्याहून शहाणी पंचवीस माणसं मुंबईत मिळतील की."

"पंचवीसच का?"

"पत्रा किती आणलायस?"

"पंचवीस पुरतील एवढा."

"मग लिमिटेड एडिशन. संपली की संपली," शुभा म्हणाली. परदेशी कंपनीनं पाचशे का बनवल्या ते मला अजून माहीत नाही. आमच्या पंचवीसचं कारण मात्र गाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. आकड्याच्या पट्ट्या विलासनं रिव्हेट मारून बसवल्या. डबल टेपला त्यानं हात लावला नाही.

भिशीतल्या आठ जणींकडे शुभा स्वतः गेली आणि सगळा प्रकार मीठमसाल्यासकट सांगून आली. तिघींनी शेगडी रद्द केली, पाच जणी साडेसहा हजारांना तयार झाल्या. पण आठही जणींनी घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना समोर बसवलं. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या बऱ्याच वस्तूंच्या किमती वाढल्या. पाचव्या मजल्यावर एक फोन नऊ हजारांवरून नव्वद हजारांवर गेला. कुलकर्णी वहिनींकडच्या मसाज खुर्चीबद्दल मी काही लिहीत नाही, कारण कुलकर्णी मला अजून लिफ्टमध्ये भेटतात. बोलत नाहीत, पण भेटतात.

पाडव्याच्या सकाळी सोसायटीच्या आवारात दोन शेगड्या शेजारी शेजारी मांडल्या, विलासची आणि पुन्हा जोडलेली माझी. सणाचा दिवस म्हणून बांगड्यांना सुट्टी होती. मक्याची कणसं, पनीर आणि भरताची वांगी होती. हे फार बरं झालं, कारण मुलुंडची अर्धी वस्ती बांगड्याच्या वासानं पलीकडच्या फुटपाथवर जाते. शुभानं एक फळा लिहिला होता. 'ही अठ्ठावीस हजार. ही साडेसहा हजार. फरक ह्यांना विचारा.' आणि 'ह्यांना' म्हणून खाली जो बाण काढला होता, त्याच्या टोकाला एका खुर्चीवर मी. माझ्या हातात ते बिल होतं, प्लास्टिकमध्ये घालून. शुभानं ते खास लॅमिनेट करून आणलं होतं.

"काका, ही एवढी महाग का?" पहिल्याच माणसानं विचारलं.

"कारण मी गाढव आहे," मी म्हणालो. हे उत्तर ठरलेलं होतं.

"आणि ह्या दुसरीत काय जास्त आहे?"

"राखेचा खण आहे, मूठ भाजत नाही, आणि काही बिघडलं तर ती दुरुस्त करणारा माणूस वीस मिनिटांवर कांजूरला आहे."

विलासला किमतीबद्दल तोंड उघडायला सक्त मनाई होती. त्यानं फक्त खण ओढून दाखवायचा. तरी एकदा तो एका आजोबांना "द्या हो काय ते" म्हणालाच. शुभानं तिथून आवाज दिला, "साडेसहा!" आजोबांनी मुकाट्यानं साडेसहा काढले. सेक्रेटरी आले, त्यांनी फळा वाचला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "देसाई, त्या दोन जिलब्या..." मी म्हणालो, "परत करतो." त्यांनी जिलब्या सोडून दिल्या आणि सात नंबरची शेगडी घेतली.

दुपारपर्यंत सतरा गेल्या. उरलेल्या फोनवरून, आठवडाभरात. पेडणेकर मामा दिवसभर वांगी भाजत होते आणि कोणी मुठीची तारीफ केली की दुसरीकडे बघत होते. गाळ्याचा करार आणखी अकरा महिन्यांचा झाला. आता घाटकोपरच्या एका हॉटेलवाल्यानं मोठ्या शेगड्या मागितल्यात, आणि मामांना मशीन पुसायला वेळ मिळत नाही. विलास परवा मला म्हणाला, "भावोजी, अजून कुठे लुटले गेलात तर लगेच सांगा. मी ती वस्तू बनवून बघतो." मी त्याला दिव्याबद्दल सांगितलंय.

पंचविसावी शेगडी मी घेतली. विलास पैसे घेत नव्हता, मी पूर्ण साडेसहा हजार त्याच्या खिशात कोंबले. नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांनी गच्चीवर ती पाहिली आणि विचारलं, "कितीला पडली?" मी ताठ मानेनं म्हणालो, "साडेसहा हजार." बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी सगळी शून्यं जागच्या जागी ठेवून बोललो होतो. कुलकर्णी वहिनी लगेच त्यांच्या कानाशी वाकल्या. "म्हणजे पासष्ट," त्या म्हणाल्या. संध्याकाळी विलासचा फोन. "भावोजी, एक जण पासष्ट हजारवाली मागतोय. काय सांगू?"

आता घरात मी काहीही आणलं की शुभा किंमत विचारते आणि त्याला दहानं गुणते. परवा बाजारातून कोथिंबीर आणली.

"कितीला पडली?"

"वीस रुपये."

तिनं जुडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "दोनशे देऊन एवढी सुकलेली आणलीत?"

मी कोथिंबीर निवडायला बसलो. खरे तीस दिले होते.